हाड जुळलं, दुखणं गेलं नाही : धसका आणि जुनी वेदना

खामल्याची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहितेय, कारण घरी हा विषय काढला की सगळे म्हणतात, "पुन्हा तेच?"

चौदा महिन्यांपूर्वी नागपुरात वर्धा रोडवर, छत्रपती चौकाच्या अलीकडे, एका ट्रकने माझ्या स्कूटीला मागून धडक दिली. डाव्या नडगीचं हाड मोडलं, आत रॉड टाकला. पाच महिन्यांत हाड जुळलं. एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, "फर्स्ट क्लास जुळलंय ताई, विसरून जा आता." पाय मात्र विसरायला तयार नाही. पावसाळ्यात लोक म्हणाले ओलीमुळे दुखत असेल. आता म्हणतात थंडीमुळे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर होता तेव्हाही दुखतच होता, ते कोणाच्या लक्षात नाही.

दिवाळीच्या सुमारास मला एक गोष्ट जाणवली. कुकर. शिट्टी नाही हं. शिट्ट्या झाल्यावर चिमट्याने वजन उचलून आपण वाफ सोडतो ना, तो लांबलचक फुस्स. ट्रकच्या एअर ब्रेकचा आवाज थेट तसाच असतो, आणि धडक बसायच्या आधी मी शेवटचा आवाज तोच ऐकला होता. फुस्स झालं की नडगीत कळ मारते. आवाज झाला हे मला कळायच्या आधी पायाला कळतं. तेव्हापासून वरण-भात पातेल्यात शिजवते. सासूबाई म्हणतात, "गॅस फुकट जाऊन राहिला." त्यांना काय सांगू?

रात्री झोप येत नाही म्हणून वाचत बसते. त्यात सापडलं की २००१ साली टिमोथी शार्प आणि ॲलिसन हार्वे या दोघांनी एक लेख लिहिला होता. आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, आणि जुनी वेदना एकमेकींना जगवतात, असं त्यांचं म्हणणं. दुखलं की अपघात आठवतो, आठवला की अंग आवळतं, आवळलेलं अंग जास्त दुखतं, दुखतं म्हणून माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने भीती तशीच राहते. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिल्यासारखा वाटला.

कोणाला असं झालंय का? आणि ही वेदना खरी म्हणायची की मनाचे खेळ?

तर्री_जास्त

ताई, मोहाचं तेल कोमट करून मालिश करा अन् डोक्यातून काढून टाका. आमच्या मामाचा पाय तीन जागी मोडला होता, आज बुलेट चालवून राहिला. तुम्ही इंटरनेटवर जास्त वाचून राहिल्या, त्यानं बिमारी वाढते.

पुस्तकी_कीड

तर्रीभाऊ, डोक्यातून काढता येत असतं तर मानसशास्त्रात एमए करून मी बेरोजगार बसलो नसतो.

ताई, "खरी की मनाची" हा प्रश्नच चुकीच्या जागी नेतो. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून बनलेला अनुभव आहे, आणि ऊतींना इजा झालेली असली किंवा झाल्यासारखं वाटत असलं तरी तो वेदनाच आहे. व्याख्येच्या खालच्या टिपांत असंही आहे की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचं म्हणणं मानावं. म्हणजे एक्स-रेमध्ये दिसत नाही म्हणून वेदना खोटी, हे शास्त्रानेच बाजूला ठेवलंय. आपल्या ओपीडीत मात्र अजून चालतं.

शार्प-हार्वेंच्या पुढच्याच वर्षी कॅनडातल्या गॉर्डन अ‍ॅस्मंडसन आणि सहकाऱ्यांनी वेगळं मांडलं. काही माणसांची मुळातच स्वतःच्या शरीराच्या खाणाखुणांना घाबरायची प्रवृत्ती असते. छातीत धडधडलं की त्यांना धडधडीचीच भीती वाटते. अशा माणसाला आघात आणि इजा एकदम झाली की दोन्ही दुखणी एकाच मुळावर वाढतात. दोन्ही मांडण्या एकमेकींना खोडत नाहीत. एकीत चक्र कसं फिरतं ते आहे, दुसरीत ते कोणाच्या बाबतीत लवकर सुरू होतं ते.

साशंक

जरा ब्रेक. एअर ब्रेक नाही, साधा. (माफ करा ताई, वाईट विनोद.)

आजकाल प्रत्येक दुखण्यामागे "ट्रॉमा" शोधायची फॅशन आहे. २०१७ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी जुन्या वेदनेच्या रुग्णांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. पीटीएसडीचं सरासरी प्रमाण ९.७ टक्के निघालं. म्हणजे दहांतल्या नऊ जणांना तो नव्हता. आणि वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे शून्यापासून ५७ टक्क्यांपर्यंत. इतका पसारा असेल तर कोणाला तपासलं आणि कसं, यावर सगळं अवलंबून. अपघातवाल्यांत जास्त, साध्या कंबरदुखीवाल्यांत कमी. कीडसाहेब, हे पण सांगत जा.

पुस्तकी_कीड

मान्य. पण ताई अपघातवाल्यांतच येतात ना? आणि पीटीएसडी आहे की नाही हे इथे कोणीच ठरवू नये. १९८० साली ते नाव अमेरिकन मनोविकार नियमावलीत आलं तेव्हापासून त्याचे निकष बदलत आलेत. आज महिन्याहून जास्त काळ लक्षणं हवीत, आठवणी घुसणं, टाळाटाळ, मन-मूड बिघडणं आणि सतत दचकणं हे चारही गट लागतात. फुस्सला घाबरणं म्हणजे लगेच पीटीएसडी नाही.

मज्जारज्जू

मी फिजिओ आहे, धंतोलीत. दवाखान्याचं नाव विचारू नका.

ताई, एक सांगा. जिना उतरताना तुम्ही श्वास धरता का? मी हे रोज पाहते. पेशंट पायरीच्या कडेशी येतो, क्षणभर थांबतो, श्वास रोखतो, मग दुखरा पाय खाली टाकतो, चांगला पाय मागून आणतो. हाड जुळून वर्ष झालेलं असतं. मी म्हणते, "श्वास सोडा आणि मग टाका." निम्मे जण हसतात, निम्म्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही की कोण हसेल आणि कोण रडेल.

याला पुस्तकात भीती-टाळाटाळीचं मॉडेल म्हणतात. व्लायन आणि लिंटन यांनी २००० साली ते नीट मांडलं. "दुखलं म्हणजे पुन्हा मोडलं" असं ज्याला वाटतं तो हालचाल टाळतो, स्नायू वाळतात, वेदना टिकते. पण आम्हाला कॉलेजात फक्त हालचालीची भीती शिकवली. ट्रकची भीती कोणी शिकवली नाही. ती दुसऱ्या खात्याची.

ऑस्ट्रेलियात मिशेल स्टर्लिंग यांच्या गटाने ही खाती एकत्र आणून पाहिली. गाडीच्या अपघातात मानेला झटका बसलेले १०८ जण घेतले. अर्ध्यांना नुसता व्यायाम. अर्ध्यांना व्यायामासोबत ताण हाताळायचं शिक्षण, आणि ते दिलं फिजिओंनीच. २०१९ मध्ये निकाल आला. दोन्ही मिळालेल्यांना मानेमुळे होणारी अडचण कमी जाणवली, आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. मला हे वाचून राग आला होता. इतकं साधं आम्हाला कोणी का शिकवलं नाही?

खामल्याची

मज्जारज्जू ताई, तुमचं वाचून उठले आणि जिना उतरून पाहिला. श्वास धरते. मला माहीतच नव्हतं.

कामठीरोड

मी फौजेतून निवृत्त. आधी गार्ड्समध्ये, आता कामठीत घर. उजव्या खांद्यात स्प्लिंटर, म्हणजे स्फोटाचे तुकडे, होते. दोन काढले, एक अजून आत आहे.

जखम झाली तेव्हा दुखलं नाही. खरंच नाही. रक्त पाहिलं तेव्हा कळलं. दुखायला लागलं सुट्टीवर घरी आल्यावर, पोळ्याच्या पाडव्याला. रस्त्यावर मारबत निघाली होती, ढोल, फटाके, "घेऊन जा गे मारबत". मी पलंगाखाली होतो. सहा वर्षांची पोरगी वाकून बघत होती, बाबा खाली काय शोधून राहिले म्हणून. तिला म्हटलं चप्पल.

इथले शिकलेले लोक सांगतील का, असं काहून होते? लागलं तेव्हा काहीच नाही, अन् घरी सुखात असताना दुखते.

पुस्तकी_कीड

काका, नमस्कार. तुमच्या प्रश्नाला ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या किनाऱ्यावर हेन्री बीचर नावाचे अमेरिकन भूलतज्ज्ञ होते. गंभीर जखमी सैनिकांना ते विचारत, औषध हवं का? चारांपैकी साधारण तिघे नको म्हणत. १९४६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. नंतर शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांत त्यांनी उलटं पाहिलं, तिथे बहुतेकांना औषध हवं होतं. सैनिकासाठी जखम म्हणजे जीव वाचला, आता घरी जायचं. नागरिकासाठी तीच जखम म्हणजे संकटाची सुरुवात, असा त्यांचा निष्कर्ष. जखमेचा अर्थ बदलला की वेदना बदलते.

दुसरा अभ्यास यापेक्षा चमत्कारिक. १९९० मध्ये रॉजर पिटमन आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, पीटीएसडी असलेल्या आठ जणांना युद्धाचं चित्रण दाखवलं आणि हाताला ठरावीक उष्णतेचा चटका दिला. चित्रण पाहिल्यावर चटक्याची वेदना त्यांना सुमारे ३० टक्के कमी वाटली. मात्र आधी नालोक्सोन दिलं, म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या अफूसारख्या द्रव्यांना अडवणारं औषध, तर हा फरक पडेना. म्हणजे आठवण आली की शरीर स्वतःच आतून बधिर करणारं औषध सोडतं.

आणि इस्रायलमध्ये रूथ डेफ्रिन यांनी २००८ मध्ये दाखवलं ते तर तुमचंच वर्णन आहे. पीटीएसडी असलेल्यांना बारीक चटका उशिरा कळत होता, पण चटका तीव्र झाला की इतरांपेक्षा जास्त दुखत होता. दार जाड, पण एकदा उघडलं की घर भरून पाणी.

कामठीरोड

दार जाड. बरोबर.

साशंक

आठ जणांवर मानवजातीचा निष्कर्ष काढू नये एवढंच म्हणतो. पण काका, तुमची पोस्ट वाचून मी हा वाद इथे थांबवतो.

तर्री_जास्त

काका, सलाम. ताई, मालिशचं मागे घेतो. (तेल मात्र चांगलं असते, ते मागे घेत नाही.)

मला एक सांगा लोकहो. इतके मोठाले शब्द वापरून राहिले, आघातोत्तर ताणविकार वगैरे. आमची आजी म्हणायची, "पोरानं धसका घेतला." अन् काही करू वाटेनासं झालं की "गमत नाही". यात सगळं आलं ना?

मज्जारज्जू

तर्रीभाऊ, पहिल्यांदा तुमच्याशी सहमत! पेशंटला "पीटीएसडी" म्हटलं की तो घाबरतो, "धसका बसलाय का" विचारलं की तासभर बोलतो. दुखण्याचंही तसंच. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली केली, त्यात ७८ विशेषणं होती, २० गटांत. आम्ही इथे दहापैकी किती म्हणून एक आकडा लिहून घेतो आणि संपलं. मराठीत बघा: ठणकतं, ठसठसतं, सलतं, कळ मारते, चमक भरते, आग होते, शिणशिणतं, हुळहुळतं, फुणफुणतं. माझी एक पेशंट म्हणाली, "घोटा रुसलाय." याचा फॉर्म कुठे?

खामल्याची

माझी चमक नाही. कळ आहे. सर्रकन वर चढते आणि गुडघ्याशी थांबते.

दावा_अर्ज

मी वकील. मोटार अपघात दाव्यांची कामं करतो. आधीच सांगतो, हा सल्ला नाही, निरीक्षण आहे.

प्राधिकरणापुढे सगळं अपंगत्वाच्या टक्क्यांवर येऊन अडतं. गुडघा किती वाकतो, पाय किती आखूड झाला. धसक्याचे टक्के कोणी मागत नाही, म्हणून कोणी तपासतही नाही. खरं तर नुकसानभरपाईत "वेदना आणि यातना" हे स्वतंत्र शीर्षक असतं, आणि शरीराचं अपंगत्व वेगळं, कमावण्याची क्षमता किती घटली ते वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करून ठेवलंय. एक ट्रकचालक होता, पाय ठणठणीत, पण स्टिअरिंगवर बसला की हात कापत. कागदावर शून्य टक्के.

दुसरी बाजूही सांगतो. वर्षानुवर्षं केस चालते. प्रत्येक तारखेला अपघात पहिल्यापासून सांगायचा. समोरचा वकील विचारतो, "तुम्ही नाटक तर करत नाही?" अशा माणसाचं दुखणं कसं कमी व्हावं? आमच्यातलेच काही जण अशिलाला सांगतात, "बरं वाटतंय असं बोलू नका." हे मी ऐकलंय, आणि मला त्याची लाज वाटते.

निनावी

नाव बदलून लिहितेय.

माझा ट्रक नव्हता. घरातच होता. अकरा वर्षं. पाठ आणि मान दुखते. दोनदा एमआरआय झाला, दोन्ही वेळा "कणा चांगला आहे बाई". दोन्ही वेळा तोच सोबत आला होता, डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत तोच बसला होता. मी काय सांगणार होते?

तुम्ही सगळे "आघातानंतर" म्हणता. माझ्याकडे "नंतर" अजून आलेलं नाही. दाराबाहेर चप्पल वाजली की मान आवळते. ही आठवण नाही, हा अंदाज आहे, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

पुस्तकी_कीड

ताई, मी दोनदा लिहून खोडलं. तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. धोका चालू असताना सतत सावध राहणं हे शरीराचं बरोबर चाललेलं काम आहे. तेव्हा पहिलं काम सुरक्षिततेचं, आठवणींवरचे उपचार नंतर. महिलांसाठी १८१ आहे, मोफत. नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानस १४४१६, तेही मोफत आणि मराठीत. डॉक्टरांना "मला एकटीला तपासा" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि नीट डॉक्टर ते मानतात.

मज्जारज्जू

निनावी ताई, मी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय. वाचलात तरी पुरे, उत्तर देऊ नका. फोन तो बघत असेल तर निरोप आधी पुसून टाका.

संपादक

निनावी यांच्या पोस्टवर कोणी प्रश्न विचारू नयेत. दोन प्रतिसाद काढले आहेत. डॉक्टरांची नावं मागणारे आणि देणारेही प्रतिसाद काढले जातील.

नुसताच_वाचक

मग उपचार काय? इतकं वाचलं, ते कोणी सांगेना.

पुस्तकी_कीड

थोडक्यात. धसक्यासाठी सर्वांत जास्त तपासलेले उपचार बोलण्याचेच आहेत. एड्ना फोआ यांची पद्धत आहे, त्यात टाळलेल्या आठवणीला आणि टाळलेल्या जागेला पायरीपायरीने सामोरं जायचं. पॅट्रिशिया रेसिक यांची आहे, "माझीच चूक" छापाच्या समजुती तपासायची. डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर आहे. गोळ्यांत सर्ट्रालिनसारख्या काही चालतात. झोपेच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या मात्र पीटीएसडीसाठी नकोत, असं अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे त्या चॉकलेटसारख्या लिहून मिळतात. घेत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून मोकळं करायला लावणं, हे मात्र उपयोगाचं ठरलेलं नाही. एका बैठकीत सगळं बोलून घेतल्याने पीटीएसडी टळत नाही, हे अभ्यासांची एकत्र छाननी करून दाखवलंय. त्यामुळे नातेवाईकांनी खाटेभोवती बसून "सांग, सांग, कसं झालं" करू नये.

साशंक

आणि धसका कमी झाला म्हणजे पाय आपोआप थांबेल, असंही नाही. दोन्हीवर काम लागतं. कोणी २०२१ चा अमेरिकेतल्या बोल्डरचा अभ्यास फेकायच्या आत मीच सांगतो: जुन्या पाठदुखीचे १५१ जण, त्यांतल्या एका गटाला वेदनेचा अर्थ नव्याने लावायला शिकवलं, त्या गटातले ६६ टक्के जवळपास वेदनामुक्त झाले. खोट्या इंजेक्शनवाल्यांत २०, नेहमीच्या उपचारवाल्यांत १०. उत्तम निकाल. पण ते सौम्य ते मध्यम दुखण्याचे, हिंडते-फिरते लोक होते. नडगीत रॉड असलेल्या ताईंना तो जसाच्या तसा लावू नका.

कामठीरोड

आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. पोरगी आता कॉलेजात आहे. परवा तिला पलंगाखालची गोष्ट खरी सांगितली. ती म्हणाली, बाबा मला तेव्हाच माहीत होतं, चपला तर दाराशी होत्या.

खामल्याची

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. माफ करा.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. आधी घरी भांडण झालं, "कोराडी रोडला जायची वेळ आली का" म्हणून. (मनोरुग्णालय तिकडेच आहे, नागपुरात मोठं झालेल्यांना याचा अर्थ सांगायला नको.) त्यांनी आणि फिजिओंनी एकमेकांना फोन केला. चौदा महिन्यांत माझ्या दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायची ही पहिली वेळ.

त्यांनी मला एक यादी करायला लावली, कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत. सगळ्यात वर छत्रपती चौक, सिग्नल लाल, मागे ट्रक. सगळ्यात खाली कुकर. मी म्हटलं, कुकर इतका खाली नको. त्या म्हणाल्या, सुरुवात तिथूनच.

काल तूरडाळ कुकरला लावली. नवऱ्याला बाहेर पाठवलं, सासूबाई स्वतःहून ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला. चिमट्याने वजन उचललं. फुस्स. कळ आली, नेहमीच्या जागी, गुडघ्यापर्यंत. दहापैकी सात. श्वास धरला होता, तो सोडला. वाफ संपेपर्यंत उभी राहिले. संपेपर्यंत पाच झाली होती. शून्य नाही, पाच.

सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी तू दोन महिने गॅस जाळला होय?" आणि मग डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

तर्री_जास्त

ताई, वरणात हिंग टाकला का नाही?

खामल्याची

विसरले.